फुटाला दीड सूत

पुणे,
१२ ऑक्टोबर २००३

ती. तात्या आणि ती. काकी यांना सप्रेम जय भीम.

फोन करायचा तर तो शेजारच्यांकडे. तुम्ही तिथं उभं राहून एवढ्या मोठ्यानं बोलता की माझा पगार अख्ख्या मंगळवार पेठेला कळतो. म्हणून पत्रच लिहिते.

नोकरी बरी चालली आहे. जानेवारीत मला कायम करायचं की नाही ते ठरेल. तुम्ही मागे विचारलं होतंत, "त्या कंपनीत तू नेमकं करतीस काय?" तर ऐका. आमच्याकडे एक मशीन आहे. कपाटाएवढं. कॉम्प्युटरवर एखादी वस्तू काढायची आणि मशीनला सांगायचं, कर. मग ते प्लास्टिकची बारीक तार वितळवतं आणि एकावर एक थर टाकत ती वस्तू उभी करतं. काकी सोऱ्यातून शेव पाडतात ना, तसंच, फक्त शेव केसापेक्षा थोडी जाड आणि हात न थरथरणारा. लाकूड नाही, पटाशी नाही, रंधा नाही. रात्री लावून घरी जायचं, सकाळी पॅटर्न तयार; वाळूत साचा पाडायला तुम्ही लाकडाचा नमुना करता ना, तोच.

तुम्ही नाक मुरडलंत, मला इथून दिसलं.

पण तात्या, मी हे सगळं तुमच्याच बाकाशेजारी शिकले. अकरावीत असताना तुम्ही मला दोन पट्ट्या दाखवल्या होत्यात. एक खरी. दुसरी लबाड, तिच्यावर फूट लिहिलाय पण ती फुटाहून दीड सूत लांब. "सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग," तुम्ही म्हणालात, "आणि धातू गार होताना आकसतो. गनमेटल फुटाला दीड सूत आकसतं. म्हणून पॅटर्न मोठा करायचा. ही पट्टी घेतली की हिशेब करायला नको, पट्टीच लबाडी करती." लबाड पट्टीला तुम्ही लाल दोरा बांधला होता. इथं साहेबांनी आकस म्हणजे काय विचारलं तेव्हा चौदा जणांत मला एकटीलाच सांगता आलं.

साहेबांचं म्हणणं, आपल्याकडे गावोगावी जुनी यंत्रं पडली आहेत, बनवणारे कारखाने कधीच बंद झाले, सुटे भाग मिळत नाहीत. तसे भाग या मशीनवर पॅटर्न करून ओतता येतील. तुमच्याकडे असं काही आलं तर कळवा.

आणि तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? गेल्या पत्रात एका पानावर सहा ओळी. दुकानाची पाटी रंगवायला घेतलीत की काय?

तुमची,
दीक्षा

*

कोल्हापूर,
२७ ऑक्टोबर २००३

चि. दीक्षा हीस तात्याचा आशीर्वाद. जय भीम.

पत्र पोचलं. सोऱ्यानं पॅटर्न पाडतात हे वाचून तुझी काकी हसून हसून दमली. म्हणाली, "मग आता मिस्त्रीचं काम मी करतो, तुमी चुलीम्होरं बसा."

पेन नवीन आहे, शाई जाड पडते, म्हणून अक्षर मोठं येतं. त्यात पाटी कसली.

नाक मी मुरडलं नाही. पण तुला ठाऊक असू दे म्हणून सांगतो. तुझा आजा, माझा बाप, याच उद्यमनगरातल्या भट्ट्यांवर साच्याची वाळू चाळायचा. वाळू चाळायला आपली माणसं चालत होती, पॅटर्नच्या बाकावर चालत नव्हती. त्या बाकावर आपल्या गल्लीतून पहिला बसलो तो मी. चाळीस वर्षं झाली. ज्या पॅटर्नच्या पोटावर 'जो' हे अक्षर आहे त्याचं माप पुन्हा तपासत नाहीत. हे मी नाही सांगत, उद्यमनगरातल्या कुठल्याही भट्टीवर जाऊन विचार. जोतीराम मिस्त्रीचा आकडा म्हणजे संपलं.

आता काम. गडहिंग्लजकडून अण्णासो म्हणून एक पावणं आलेत. हिरण्यकेशीच्या काठावर त्यांची उपसा पाण्याची संस्था आहे, ते चेअरमन. पंप इंग्लंडचा, सत्तेचाळीस सालच्या आसपासचा, कंपनी केव्हाच गायब. त्याच्या आतला इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारा पाकळ्यांचा पंखा, त्याची एक पाकळी तुटली आणि गळा, म्हणजे पाणी आत शिरायचं तोंड, वाळूनं खाल्ला. दुसरा पंप लहान आहे. त्याचं पाणी अर्ध्या उंचीवर दम सोडतं. वरच्या माळाला, शेवटच्या चेंबरला, म्हणजे शेतात पाणी सोडायच्या हौदाला, काहीच पोचत नाही. आणि शेवटच्या चेंबरवर जमिनी कुणाच्या हे मी तुला सांगायला नको. आपल्याच लोकांच्या.

अण्णासो म्हणाले, "मिस्त्री, मुंबईला फिरलो, बेळगावला फिरलो. सगळी म्हणत्यात नवा पंप घ्या. जुना पाया, जुनी पाईप, नवा पंप बसतोय कुठं? उन्हाळ्याच्या आत कायतरी करा."

मीच केला असता. पण तसला सागवान आता मिळत नाही, आणि पाकळीची वळणं करायला दोन महिने जातील. म्हणून म्हटलं तुझ्या सोऱ्याची परीक्षा घेऊ. जुन्या इंपेलरची एका बाजूची चकती कापून काढली, पाकळीवर खाकी कागद ठेवून वळण उतरवून घेतलं. सगळी मापं सोबतच्या कागदावर आहेत. आकस तू धर. गनमेटल महाग आहे, तुझा पॅटर्न गुळगुळीत असेल तर लेथवर कापायला प्रत्येक बाजूला अर्धा सूत जादा ठेव, जास्त नको.

तुझा,
तात्या

*

पुणे,
१५ नोव्हेंबर २००३

ती. तात्यांस सप्रेम जय भीम.

तुमची मापं आणि खाकी कागद घेऊन साहेबांसमोर गेले तेव्हा ते म्हणाले, "ड्रॉइंग कुठंय?" म्हटलं, हेच ड्रॉइंग. ज्यांनी काढलंय त्यांच्या मापाला आजवर कुणी हात लावलेला नाही. साहेबांनी मशीनची वेळ लिहून दिली. तुमच्या नावाचा रुबाब पुण्यातही चालतो.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या, पण मीच निकाल लावला. तुम्ही व्यास पावणेसोळा इंच लिहिलाय. इंग्रजांनी पावणेसोळा का केला असेल असं वाटलं. दुसरं, कागदावरचं पाकळीचं वळण मोजलं तर आठ इंच भरतं आणि तुमच्या आकड्यात ते आठला एक सूत कमी आहे. कागद परतीच्या पावसाच्या दिवसांतला, दमट हवेनं ताणला असणार. कागद आणि जोतीराम मिस्त्री यांत मी कुणावर विश्वास ठेवणार? वळण तुमच्या आकड्याइतकं लहान करून घेतलं, मग त्यावर फुटाला दीड सूत आकस धरला.

मशीन लहान पडलं म्हणून चार तुकड्यांत केला. आतल्या पोकळीचा साचाही केला. चार दिवस आणि चार रात्री ते थर टाकत होतं आणि मी दर दोन तासांनी जाऊन बघत होते, जशा तुम्ही भट्टी लागली की घिरट्या घालता. शेवटच्या दिवशी पाकळ्यांचं वळण वर आलं. तात्या, काय देखणं दिसत होतं. लाकडात हे वळण हातानं काढणारी माणसं किती थोर असतील, हे मला त्या मशीनसमोर उभं राहून कळलं.

तुकडे चिकटवून, खोक्यात भुसा घालून उद्याच्या एस.टी.नं पार्सल पाठवते आहे. कंडक्टरला सांगितलंय, आत अंडी आहेत.

तुमची,
दीक्षा

*

कोल्हापूर,
३० नोव्हेंबर २००३

चि. दीक्षा हीस आशीर्वाद.

अंडी सुखरूप पोचली.

खोकं उघडलं तेव्हा माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. भट्टीवाले आले, लेथवाला सयाजी आला, समोरचा चहावाला गाडा तसाच टाकून आला. सयाजी म्हणाला, "मिस्त्री, ह्यो तर दुधाच्या पिशवीचा केलाय काय?" मी म्हटलं, "व्हय, आणि तुझ्या लेथपेक्षा सरळ केलाय. हात लावून बघ की." लावला. मग दुसराही लावला.

मी डोळे मिटून बोटं फिरवली. पाकळी सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत. तुझा थर न थर बोटाला लागतो, बारीक पायऱ्यांसारखा. त्यावर लांबी, म्हणजे पुटी, भरली, घासली, पुन्हा भरली, घासली. आठ दिवस तेच काम केलं. आता पाणी टाकलं तर थेंब थांबत नाही. वळण कुठं चुकलेलं नाही. शाबास, पोरी. हे मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून पत्रातही लिहितो. आमच्या घरात आता दोन मिस्त्री आहेत.

कागदाऐवजी आकडा धरलास ते बरोबर केलंस. कागद काय, हवेबरोबर बदलतो.

पोटावर 'जो' बसवला. येत्या आठवड्यात ओतणार. अण्णासो स्वतः हजर राहणार म्हणतात.

काकीनं तुला मेतकूट पाठवलंय, डब्याला भोक पाडून बघू नको, आत दुसरं काही नाही.

तुझा,
तात्या

*

कोल्हापूर,
१७ डिसेंबर २००३

चि. दीक्षास,

इंपेलर वाया गेला.

ओतकाम चांगलं झालं होतं, कुठं भोक नाही, फोड नाही. काल सयाजीनं लेथवर चढवला. अण्णासो आणि त्यांचे चार सभासद समोर उभे. पहिला कट घेतला आणि सयाजीनं मशीन बंद केलं.

"मिस्त्री, हितं कापायला माल न्हाय."

"असं कसं? नीट बघ की."

"बघितलं की. जुना सोळाचा हाय. ह्यो सोळाला सुतभर कमी, आणि अजून कापायचाय. गळ्याशी तर काळी कातडी तशीच ऱ्हातीया. पंपात बसवला तर निम्मं पाणी बाजूनंच परत जाईल."

मग म्हणाला, गळ्याला एक रिंग ठोकून बसवू, भागेल. मी नाही म्हटलं. माझं अक्षर असलेल्या कामाला ठिगळ लागलेलं नाही आणि लागणार नाही.

तुझ्या मशीननं घोटाळा केला आहे. मी तसं सगळ्यांना सांगितलं. आता या कामात तुझ्या साहेबांनी पुन्हा हात घालू नये. मी बघतो काय करायचं ते.

तात्या

*

पुणे,
२४ डिसेंबर २००३

ती. तात्यांस सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

साहेबांना सांगितलं की चूक माझी आहे, मी कॉम्प्युटरमध्ये माप चुकीचं घातलं. ते फार चिडले नाहीत, पण बाहेरची कामं घेणं त्यांनी थांबवलंय. मला मशीनवरून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलंय. जानेवारीचा निर्णय पुढे ढकलला. असू दे. मी अजून नवी आहे. नवीन माणसाच्या हातून चुका होतात, त्यानं कुणाच्या नावाला धक्का लागत नाही.

तुम्ही मात्र अण्णासोंचं काम सोडू नका. वरच्या माळाला पाणी गेलंच पाहिजे.

एकच विचारते, रागावू नका. त्या लबाड पट्टीला लाल दोरा अजून आहे का?

तुमची,
दीक्षा

*

कोल्हापूर,
२ जानेवारी २००४

लाडक्या दीक्षास काकीचा आशीर्वाद.

मी विठाबाई लिवतोय. चौथीपतूर शिकल्याली हाय, चुका काढू नगंस. तात्यास्नी ठावं न्हाय मी लिवल्यालं.

तुजं पत्र आलं तवापास्नं माणूस धड जेवत न्हाय. पत्र मीच वाचून दाखवलं. व्हय, आता मीच वाचून दावतो. दोन सालं झाली त्यांच्या डोळ्यावर पडदा आलाय. दोन्ही डोळं. चष्म्याचा नंबर बदलला, काय उपेग न्हाय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणत्यात, "मिस्त्रीचं डोळं गेलं म्हटल्यावर काम कोण दील?" सागवान मिळत न्हाय असं तुला लिवलंय न्हवं? वर माळ्यावर सागवान पडलाय की सगळा. डोळं न्हाईत.

त्यो लाल दोरा कवाच कुजून गळालाय. तुजं पत्र ऐकलं आणि उठून ट्रंकंतल्या दोन्ही पट्ट्या काडल्या. एकावर एक ठेवल्या आणि टोकावर नखानं चाचपत बसलं. किती येळ. मग म्हणालं, "विठा, मी लबाड पट्टी घेतल्याली."

तवापास्नं गप हायत. तू तुज्यावर घेतलंस त्ये लई लागलंय त्यास्नी. फोन करू नगंस. त्यांचं त्यास्नी बोलू दे.

तुजी काकी

*

कोल्हापूर,
९ जानेवारी २००४

चि. दीक्षा हीस आशीर्वाद. जय भीम.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत.

दोरा नाही. मी गनमेटलच्या लबाड पट्टीनं जुना इंपेलर मोजला. ती फुटाला दीड सूत लांब, म्हणजे सोळा इंचाला दोन सूत खाणार. सोळाचा पावणेसोळा झाला. पट्टीवर कोरलेलं मला दिसत नाही, सुताच्या खाचा नखानं मोजतो, दोन वर्षं झाली. सगळं हातानं चाललं होतं. बाकावर वावरायला हात पुरतात, पण पट्टी वाचायला डोळेच लागतात.

याहून वाईट गोष्ट सांगतो. लेथवर सयाजी "जुना सोळाचा हाय" म्हणाला तेव्हाच मला शंका आली. मी पावणेसोळा लिहिल्याचं मला आठवत होतं. तरी तोंडातून निघालं, पोरीचं मशीन चुकलं. चाळीस वर्षांचं नाव वाचवायला मी तीन महिन्यांचं तुझं नाव पुढं केलं. तुझा आजा असता तर त्यानं मला वाळूच्या चाळणीनं मारलं असतं.

परवा अण्णासो आले होते. सयाजी, भट्टीवाले, सगळ्यांना चहाच्या गाड्यावर बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. "इंपेलर पोरीनं न्हाय चुकवला, मी चुकवला. माझं डोळं गेल्यात. लबाड पट्टीनं माप घेतलं आणि तिच्यावर ढकललं." चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता. मग अण्णासो म्हणाले, "मिस्त्री, चाळीस वर्षांत तुमी एकदा चुकला. आमचा पंप दर उन्हाळ्याला चुकतोय, त्याला आमी कुठं टाकलाय? परत करा की." सयाजीनं माझ्या हातात दुसरा चहा दिला आणि त्याचे पैसे कुणी दिले ते मला अजून कळलं नाही.

तुझ्या साहेबांच्या नावानं वेगळं पत्र सोबत आहे. त्यात हे सगळं आहे. सही केली आहे आणि खाली 'जो'ही काढला आहे, त्यांना म्हणावं, हा माझा शिक्का, खऱ्याला लावतो तसा चुकीलाही लावला.

आता तुझी चूक सांगतो. राग येऊ दे. तुझ्या हातात कागद होता. कागद खरं बोलत होता. पावणेसोळा तुला खटकला होता, वळण एक सूत जास्त भरतंय हेही दिसलं होतं. तू विचारायला हवं होतंस. तात्या आहे म्हणून गप्प बसलीस. मापाच्या बाबतीत तात्या-बित्या काही नसतं. पुन्हा असं झालं तर मला पोस्टकार्ड टाक, "तात्या, तुमचा आकडा चुकलाय," एवढंच. मी ते दुकानात टांगीन.

सयाजीनं त्याच्या वर्नियरनं सगळी मापं नव्यानं घेतली आहेत. त्याच्या अक्षरातला कागद सोबत. मी तो कागद काकीकडून दोनदा वाचून घेतला आणि प्रत्येक माप बोटानं ताडून पाहिलं. तुझ्याकडच्या खाकी कागदाशी जुळव. नाही जुळलं तर मशीन लावू नको.

पाणी वर चढलं की मी दवाखान्यात जाणार. काकीला शब्द दिला आहे.

तुझा,
तात्या

*

पुणे,
२५ जानेवारी २००४

ती. तात्यांस सप्रेम जय भीम.

साहेबांनी तुमचं पत्र वाचलं आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "तू खोटं का बोललीस?" मी म्हटलं, मला वाटलं त्यांचं नाव माझ्यापेक्षा मोठं आहे. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. म्हणाले, "आहेच. उद्यापासून मशीनवर बस." तुमचं पत्र त्यांनी मशीनच्या वर काचेत लावलंय. नवीन मुलं आली की आधी ते वाचायला लावतात, मग आकस म्हणजे काय ते विचारतात. मला पुढच्या महिन्यापासून कायम केलंय.

सयाजी मामांचा कागद आणि खाकी कागद शेजारी ठेवले. वळण आठ आणि आठ. व्यास सोळा. सगळं जुळलं. काय सांगू, रडू आलं. तुम्हाला दिसत नसताना उतरवलेलं वळण केसभर चुकलं नव्हतं, तात्या. पट्टी लबाड होती, तुमचा हात नव्हता.

दुसरा पॅटर्न या पत्राबरोबर एस.टी.नं निघतोय. या वेळी कंडक्टरला खरं सांगितलं. तो गडहिंग्लजचाच निघाला, खोकं स्वतःच्या सीटशेजारी ठेवून घेतलं.

पोटावर जागा सोडली आहे. तुमचं 'जो' लावा. माझ्यासाठी लावा.

तुमची,
दीक्षा

*

कोल्हापूर,
२२ मार्च २००४

चि. दीक्षा हीस आशीर्वाद. जय भीम.

एवढे दिवस मुद्दाम लिहिलं नाही. काकीला फोनवर काही सांगू नको म्हणून बजावलं होतं. हे पत्र स्वतःच्या डोळ्यांनी लिहायचं होतं. अक्षर बघ. पानावर किती ओळी बसल्यात ते मोज, आणि मग पाटी रंगवायची भाषा कर. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं असेल? काकी. म्हणाली, "कशी दिसतोय?" मी म्हटलं, म्हातारी झालीस की. दोन दिवस बोलली नाही.

आता पंपाचं सांगतो.

इंपेलर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ओतला. सयाजीनं लेथवर चढवला तेव्हा दुकान पुन्हा भरलं होतं. पहिला कट पडला आणि पिवळीजर्द साल निघाली, सगळीकडून सारखी. गळ्याला, काठाला, कुठं काळं राहिलं नाही. सयाजी म्हणाला, "बसला. पोरीला सांगा, बसला." मग त्यानं ती साल उचलून खिशात घातली. कशाला, विचारलं नाही.

फेब्रुवारीच्याच सोळा तारखेला आम्ही हिरण्यकेशीवर गेलो. अण्णासोंनी टेम्पो पाठवला होता, काकीही आली. पंप जोडायला दुपार झाली. बटण दाबलं. मला तेव्हा धुकंच दिसत होतं, पण पंपाचा आवाज मी ओळखतो. आधी तो हवा खातो, मग गुरगुरतो, आणि पाणी पाकळीत भरलं की आवाज एकदम भरदार होतो. तो झाला. सगळ्यांनी पाईपला कान लावले. अण्णासो म्हणाले, "मिस्त्री, वर चला."

शेवटच्या चेंबरपाशी गेलो. वीस-पंचवीस माणसं बसली होती. बनाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा तुकडा अगदी शेवटी. तीन वर्षं तिच्या पाळीला पाणी पोचलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा चेंबर कोरडा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णासो चेंबरभोवती फेऱ्या मारत होते. मला ऐकू आलं आधी, पाईपच्या आत, दुरून. मी म्हटलं, आलं. आणि आलं. चेंबर भरला, काठावरून उसळलं, माझ्या पायावर आलं. बनाबाईनं ओंजळ भरून तोंडावर मारली आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

अण्णासोंनी माझ्याकडं हात केला. मी म्हटलं, "माझ्या पुतणीनं केलं. दीक्षा तिचं नाव. पुण्याला इंजिनियर हाय. आपलीच पोर." म्हातारी म्हणाली, "मग ती का न्हाय आली?" मी म्हटलं, "ती दुसऱ्याचा पंप करत बसली आसंल." खरं सांगू, छाती एवढी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं. पत्रात लिहायला लाज वाटत नाही. फुगली होती.

आता तू सोडलेल्या जागेचं. तू 'जो' लाव म्हणालीस. मी 'दी' लावला. पितळी अक्षर स्वतः कानशीनं केलं, दिसत नव्हतं म्हणून बोटानं केलं, तीन वेळा मोडून चौथ्यांदा जमलं. भट्टीवर विचारायला लागले, "मिस्त्री, तुमचं अक्षर कुठाय?"

मी त्यांना सांगितलं, "आत हाय." पहिला इंपेलर, माझ्या अक्षराचा, तोच भट्टीत वितळवून दुसरा ओतला. 'जो' आधी त्या भट्टीत गेला. मी जवळ उभा राहून टाकायला लावला. तुझं अक्षर वर आहे. माझं त्याच गनमेटलमध्ये मिसळलंय.

पंप बंद करून झाकण उघडल्याशिवाय ते अक्षर आता कुणाला दिसणार नाही. सत्तेचाळीसचा पंप आहे, चाळीस-पन्नास वर्षं तरी कुणी उघडू नये. ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी त्यांचा मिस्त्री विचारेल, ही 'दी' कोण?

त्याला सांगायला बनाबाईची नातवंडं असतील. मी त्यांच्याकडून नाव पाठ करून घेतलंय.

तुझा,
तात्या